गच्चीची किल्ली आणि शेवटचं प्यादं

परवा नातीने मला बुद्धिबळात हरवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. ती क्लासला जाते, तिने हरवायलाच पाहिजे. वाईट याचं वाटलं की हरवल्यावर ती मला समजावत बसली. म्हणाली, आजी, तू दर वेळी उंटापुढचं प्यादं दोन घरं का ढकलतेस? कडेकडेने काय येतेस? मधलं प्यादं टाक. आणि समोरच्यानेही तेच प्यादं ढकललं तर दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या होतात. सर म्हणतात, असले कंटाळवाणे डाव बरोबरीतच सुटतात.

मी म्हटलं, तुझ्या सरांना सांग, माझा असाच एक डाव बरोबरीत सुटला होता, आणि तो बघताना कुणालाही जांभई आली नव्हती. उलट दोन घरांतलं दूध उतू गेलं होतं.

तेव्हा कुठे तिने मोबाइल खाली ठेवला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा चाळिशीची होते. चाळिशीत बाईला आपल्याला जेवढं कळतं असं वाटतं, तेवढं पुढे जन्मात कधी वाटत नाही. तिशीत सासू असते, पन्नाशीत सून येते. मधली दहा वर्षं मोकळं रान. त्या मोकळ्या रानात मी काय काय शिंगं उगारली ते आठवलं की आता एकटीच हसते.

आम्ही साताऱ्याकडून आलेले. नेरूळला लॉटरीत घर लागलं होतं. चार मजल्यांची बिल्डिंग, खाली गाड्यांसाठी स्टिल्ट, तिथे गाड्या दोनच, बाकी सायकली आणि कुत्री. मजल्यावर समोरासमोर दोन दारं. नकाशा काढणाऱ्याने एकच घर काढून कागद मधोमध दुमडला असावा. आमची मोरी डावीकडे तर समोरच्यांची उजवीकडे. आमचा ओटा पूर्वेला, त्यांचा पश्चिमेला. समोरच्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा दिव्याचं बटण शोधत अर्धी भिंत चाचपली होती.

गच्चीला कुलूप असे. केबलवाल्यांच्या तारा, टाक्यांची झाकणं, पतंगवाली मुलं, अशी बरीच कारणं होती. किल्ली माझ्याकडे. मी सगळ्यांना सांगत असे की मी काही मागितली नव्हती, माझ्या गळ्यात पडली. खोटं. सेक्रेटरींच्या घरी दोनदा जाऊन मागितली होती, त्यातल्या एकदा चकल्या घेऊन. हरवू नये म्हणून मी ती एका मोडक्या लाटण्याला सुतळीने बांधली होती. अर्धं लाटणं हातात घेऊन मी जिना चढायला लागले की खालच्या मजल्यावरच्या बायका दार लोटून घेत, असं आमचे हे म्हणत. मला तो आदर वाटे.

गच्चीच्या दारावर मी वेळापत्रक चिकटवलं होतं. सोमवारी मिरच्या, मंगळवारी कुरडया, बुधवारी गाद्या, गुरुवारी सांडगे, असं. शुक्रवारपुढे लिहिलं होतं, राखीव. कुणासाठी राखीव, हे पाच वर्षांत कुणी विचारलं नाही. माझ्यासाठी.

समोरची आमच्यानंतर दोन वर्षांनी राहायला आली. मूळची इथलीच, खाडीकाठच्या गावातली. त्यांची शेती आणि मिठागर या नव्या शहरात गेलं होतं. नवऱ्याने वाळू-विटांचा धंदा काढला होता आणि समोरचं घर विकत घेतलं होतं. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. बोलणं त्यांच्या बोलीतलं. घोड्याला घोरा म्हणायची, पापडाला पापर, आणि मला वयनी. मी तिला अहोजाहो करायची. ते आदराने नव्हे, अंतर ठेवायला.

तिच्याबद्दल माझी एकच तक्रार होती. ती माझी नक्कल करायची. मी दाराला निळे पडदे लावले, पंधरवड्यात तिच्या दाराला निळे पडदे. मी खिडकीला मोराचं ग्रिल बसवलं, तिच्या खिडकीत मोर. फक्त तोंड उलटीकडे. मी पायपुसणं बदललं, तिने बदललं. आमचे हे म्हणायचे, अगं, सेक्टरमध्ये पडद्याचं दुकान एकच, ग्रिलवाला एकच, त्याच्याकडे मोर सोडला तर दुसरं डिझाइन नाही. मी म्हणायची, तुम्हाला बायकांतलं कळत नाही.

तर एका मार्चमध्ये ती माझ्या दारात आली. म्हणाली, "वयनी, जवला सुकवाचा हाय. दोन दिस गच्चीची किल्ली द्या."

जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी. ऊन दाखवून डब्यात भरली की पावसाळ्याचे चार महिने त्या घरांत कालवणाची चिंता नसते. आतापर्यंत ती खिडकीच्या ग्रिलवर सूप ठेवून मूठमूठ सुकवायची. त्यात पावसाळ्याचा साठा कुठून व्हायचा? आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे येत नसे. ऑफिसच्या कँटीनमध्ये आमचे हे काय खात होते ते मला पुढे दहा वर्षांनी कळलं. पण त्या दिवशी मी दारात उभी राहून भाषण केलं. गच्ची सगळ्यांची आहे, म्हणून सगळ्यांचा विचार करावा लागतो, माझे उडदाचे पापड तिथे वाळतात, पापडाला वास फार लवकर लागतो, असं बरंच.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगल्यांची. म्हनजे माझी नाय?"

उत्तर नसलं की मी तेव्हा आवाज चढवत असे. प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी भला माणूस, भांडण दिसलं की त्याला पाण्याच्या पंपाचं काहीतरी काम आठवायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, एक मेला आपली पूजा आहे, त्या दिवशी बायकांच्या स्पर्धा आहेत, सगळं खेळीमेळीने होऊ दे, किल्लीचं मग बघू. मला ते 'मग बघू' आवडलं नाही. बायकांच्या स्पर्धांत त्या वर्षी पहिल्यांदाच बुद्धिबळ होतं, ते माझ्याच आग्रहाने. आमच्या सोसायटीत बुद्धिबळ येणारी बाई मी एकटीच, अशी माझी खात्री होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बघायचं कशाला? बुद्धिबळात जी जिंकेल तिच्याकडे किल्ली. कायमची."

कायमची म्हणताना मी लाटणं टेबलावर आपटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खाली नोटीस बोर्डावर स्पर्धेच्या यादीत समोरचीचं नाव लागलं. दुसऱ्या रकान्यात, माझ्या नावाच्या बरोबर समोर.

मला हसू आलं. आता ही यातही नक्कल करणार, मी ह्यांना सांगितलं. घोडा अडीच घरं जातो हे तरी माहीत आहे का बाईला? हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, तिच्या आजोबांकडे मिठागराची राखण होती म्हणे, राखणदाराला वेळ बराच असतो. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

स्पर्धेत आम्ही चौघी. म्हणजे एकेक डाव जिंकला की अंतिम फेरी. माझी पहिली प्रतिस्पर्धी तळमजल्यावरची, तिने सहाव्या चालीला दूध तापत ठेवल्याचं आठवून जी धाव घेतली ती परत आलीच नाही. मला विजयी घोषित केलं. मी ते अभिनंदन हात जोडून स्वीकारल्याचा फोटो अजून आहे, तो मी नातीला दाखवत नाही. समोरचीने आपला डाव कसा जिंकला ते मी बघितलं नाही. मी तेव्हा घरी साडी बदलायला गेले होते.

एक मे, दुपारचे चार. पूजा झालेली, प्रसादाचा शिरा वाटून झालेला, पंगतीची जिलेबी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. स्टिल्टमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, त्यावर पट. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका पंच. ते बँकेत कॅशियर होते, त्यामुळे हात लावला की सोंगटी चालवायचीच, हा नियम त्यांनी असा सांगितला की जणू नोट काउंटरवरून पुढे सरकवली की परत घेता येणार नाही.

मग त्यांनी विचारलं, नियम कुठले? पुस्तकातले की घरचे?

मी म्हटलं, पुस्तकातले. समोरची म्हणाली, "चाली कसल्याबी चालतील. पन बुर्जी मानाची."

बुर्जी हा जुन्या घरगुती खेळातला नियम. समोरच्याचं सगळं मारून टाकलं आणि त्याचा नुसता राजा उरला की डाव तिथेच थांबतो. त्याला बुर्जी झाली म्हणायचं. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. म्हणजे ज्याला जिंकायचं आहे त्याने समोरच्याकडे निदान एक तरी प्यादं राहू द्यायचं, आणि मग मात करायची. मला हा नियम परका नव्हता. माझे वडील तो पाळत, आणि मी त्यांच्याकडूनच खेळ शिकले होते. बुर्जी मला परवचा पाठ असावा तशी पाठ होती.

पण त्या दिवशी माझ्या अंगात राणी संचारली होती. मी हात झटकून म्हटलं, "बुर्जी माना, नाहीतर काय वाटेल ते माना. दहा चालींत संपणाऱ्या डावाला काय फरक पडतो?"

काकांनी मान डोलावली. चाली पुस्तकातल्या, बुर्जी मानायची. ठरलं.

माझी पांढरी. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. बघणाऱ्यांत एक-दोघे पुरुष खेळ जाणणारे होते, त्यांनी भुवया उंचावल्या. मला हेच हवं होतं. ही सुरुवात मी रविवारच्या पुरवणीतल्या एका डावावरून उचलली होती. तो डाव मी जपून कापून ठेवला होता. पण कागदाच्या मागच्या बाजूला साबणाचं कुपन होतं, आणि ते मी आधीच कापून पाठवलं होतं. त्यामुळे माझ्याकडे डावाची सुरुवात होती, शेवट साबणाबरोबर गेला होता.

समोरचीने पटाकडे बघितलं आणि तिच्या वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं.

मी घोडा काढला. तिने घोडा काढला. मी दुसऱ्या बाजूच्या घोड्याचं प्यादं एक घर सरकवलं, तिने सरकवलं. मी त्या मागच्या कोनाड्यात उंट बसवला. तिने तिच्या कोनाड्यात उंट बसवला. मी दुसरा घोडा, ती दुसरा घोडा. मी किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात लपवला, तिचाही राजा कोपऱ्यात. आता बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायला लागल्या. पडदे, ग्रिल, पायपुसणं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, कारण मीच जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं.

मी म्हटलं, "जरा स्वतःचं खेळा की."

ती म्हणाली, "खेलते ती सगली माझीच प्यादी हायेत, वयनी."

स्टिल्टमध्ये हशा झाला. मला राग आला. रागात माणूस प्रयोग करतं. मी हत्ती एक घर बाजूला नेला. तिने नेला. मी हत्ती परत जागेवर आणला. तिने आणला. काका गंभीरपणे म्हणाले, वहिनी, असं आपण पूजेच्या पुढच्या वर्षापर्यंत खेळू शकतो.

तेव्हा मी कडेचं प्यादं एक घर सरकवलं, तिने सरकवलं, मग मी त्याच्या शेजारचं, घोड्यापुढचं प्यादं रेटलं. तिने मारलं, मी मारलं, तिने रेटलं, मी मारलं, तिने मारलं. चांगली मारामारी झाली. धुरळा खाली बसल्यावर बघते तर पुन्हा तेच. माझं प्यादं पुढे, तिचं त्याच्या नाकासमोर, दोघांनाही हलायला वाट नाही. आमच्या दोन दारांसारखं.

पुढचा तासभर मला आठवतो तो उकाड्यामुळे. वजीर एकमेकांवर गेले. उंट गेले. खाडीवरचा वारा पडला होता, आणि बघणारी माणसं एकमेकांना वर्तमानपत्राने वारा घालत होती. कुणीतरी ओरडलं की दुसऱ्या मजल्यावरून दूध जळल्याचा वास येतोय, आणि त्या घरची बाई म्हणाली, येऊ दे, ही एक चाल बघते. सगळ्यांना माहीत होतं पटावर काय आहे. मी जिंकले तर या बिल्डिंगच्या गच्चीवर जवळा कधी चढणार नाही. ती जिंकली तर माझं वेळापत्रक उतरणार, शुक्रवारासकट.

मग तिचा घोडा चुकला. पुढे कितीदा तरी मी तिला विचारलं, की तू तो मुद्दाम दिलास का? नाही, खरंच चुकला. कोपऱ्यात जिलेबीवरचा कपडा कुणीतरी उचलला होता आणि तिचं लक्ष तिकडे गेलं होतं. मी तो घोडा मारला. घोडा गेल्यावर आरसा फुटला. आता दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. माझ्याकडे जास्त होतं आणि तिच्याकडे कमी, आणि मला जास्त असताना कसं वागायचं ते चांगलं येत होतं. मी एकेक करून तिचं प्यादं खात सुटले. आधी हे, मग ते. मारलेल्या सोंगट्या मी स्टुलाच्या कडेला रांगेत उभ्या करत होते. रांग वाकडी झाली की डाव थांबवून सरळ करत होते.

शेवटी तिच्याकडे राजा आणि कडेला एक प्यादं. माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि तीन प्यादी. काकांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान आलं. हत्तीने राजाला कडेला कोंडायचं आणि मात करायची, पाच-सात चालींचं काम. शाळेतल्या पोराला जमलं असतं.

पण वडील म्हणायचे, हत्तीने मात कुणीही करतं, खरी मात प्याद्याची. त्यांच्या वेळी प्यादेमात केली की समोरचा माणूस उठून हात जोडायचा म्हणे. मला ते हवं होतं. नुसती किल्ली नको होती, समोरचीने खुर्चीतून उठून हात जोडायला हवे होते. म्हणून मी हत्ती बाजूला उभा केला आणि प्यादी सजवायला लागले. एक इकडे, एक तिकडे, जशी रुखवताची मांडणी. ती तिचा राजा हलवत राहिली. मधूनच तिचं ते कडेचं प्यादं एक घर पुढे यायचं. मी माझा राजा त्याच्या वाटेत नेऊन ठेवला, म्हणजे ते आता शेवटच्या घरापर्यंत काही जाऊ शकणार नव्हतं. मनात म्हटलं, राहू दे बिचारं.

तिने प्यादं आणखी एक घर पुढे ढकललं. ते माझ्या राजाच्या नाकासमोर येऊन थांबलं. पुढे वाट नाही, पाठीशी कुणी नाही. आणि त्याच ओळीत, दूर दुसऱ्या टोकाला, माझा हत्ती.

मी फुकट मिळालेली वस्तू आयुष्यात सोडली नव्हती. साबणाचं कुपनसुद्धा सोडलं नव्हतं. हत्ती उचलला, सरळ ओळीने आणला, प्यादं उडवलं. ते नेऊन रांगेच्या शेवटी ठेवलं, आणि रांग सरळ केली.

समोरची खुर्चीला टेकून बसली.

"वयनी, बुर्जी."

मी पटाकडे बघितलं. काळा राजा एकटा, मोकळ्या मैदानात. त्याचं बाकी सगळं माझ्या शेजारी शिस्तीत उभं होतं. मी स्वतःच्या हाताने उभं केलेलं.

मी भांडून बघितलं, ते सांगायलाच हवं. म्हटलं, चाली पुस्तकातल्या ठरल्या होत्या, पुस्तकात बुर्जी नसते. काका म्हणाले, चाली पुस्तकातल्या, बुर्जी मानायची, तुम्ही हो म्हणालात. मी म्हटलं, मी कुठे हो म्हणाले? गर्दीतून आमचे हे बोलले. पाच वर्षं सोसायटीच्या कुठल्याही बाबतीत हा माणूस चार शब्द बोलला नव्हता.

"तू म्हणालीस, काय वाटेल ते माना."

काकांनी डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणासाठी वाजवायच्या ते कळेना. मग सगळ्यांची नजर माझ्या मांडीवरच्या लाटण्याकडे गेली. जी जिंकेल तिच्याकडे किल्ली, असं ठरलं होतं. आता कुणीच जिंकलं नव्हतं. सेक्रेटरी पुढे झाला आणि म्हणाला, तर मग किल्ली तूर्त माझ्याकडे राहू दे.

"नको," मी म्हटलं. "नको," समोरची म्हणाली. एकाच वेळी, एकाच आवाजात. यात कुणी कुणाची नक्कल केली ते सांगता येणार नाही.

लोक जिलेबीकडे वळले. आम्ही दोघी पटापाशीच राहिलो. मी सोंगट्या डब्यात भरत होते. मला राहवेना. मी विचारलं, शेवटी प्यादं मुद्दाम पुढे केलंत ना?

"नायतर काय. जिकले असते त किल्ली माझे गल्यान परली असती, न सगल्यांची बोलनी मी खाल्ली असती. हरले असते त जवला कुठं सुकवू?"

मग तिने चपलेने खालची फरशी दाखवली. म्हणाली, आता बसलोय ना, इथंच आमचा खला होता. खळं म्हणजे सारवलेलं अंगण. तिची आई तिथे भात झोडायची, आणि उन्हाळ्यात तिथेच जवळा पसरायची. आजोबा मिठागरावरून आले की त्याच अंगणात कोळशाने चौकटी आखायचे. मिठाचे खडे ही त्यांची फौज आणि चिंचोके ही नातीची. ही सहा वर्षांची. खेळ येत नव्हता, तर आजोबा जे करतील ते समोरून करायची. करता करता शिकली. आजोबा जिंकायला लागले की शेवटचा चिंचोका कधी मारत नसत. त्यावरून तिला कळायचं की आता मात येणार. आणि तिला हरायचं नसलं की ती तो चिंचोका त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायची. म्हातारा हसत हसत मारायचा.

"तुमी हसला नाय फकस्त," ती म्हणाली.

मी नव्हते हसले. तीन वर्षं मी तिला पाहुणी समजत होते. तीन वर्षं मी तिच्या अंगणावर चौथ्या मजल्याइतक्या उंचीवर कुलूप लावून, त्यात तिचा वार कुठला ते ठरवत होते. त्या दिवशी मला याची लाज वाटली असं लिहायला फार आवडलं असतं. लाज दुसऱ्या दिवशी वाटली. त्या दिवशी मला फक्त ते प्यादं दिसत होतं.

संध्याकाळी ह्यांनी आमच्या दोन दारांच्या बरोबर मध्ये भिंतीत खिळा ठोकला. फूटपट्टी घेऊन मोजून. मी म्हटलं, जरा आपल्याकडे सरकवा. त्यांनी ऐकलं नाही. लाटणं त्या खिळ्याला लटकलं, आणि दोन्हीपैकी कुठलंही दार आपटलं की ते भिंतीवर टकटक वाजायला लागलं. वेळापत्रक मी स्वतः काढलं, पण शुक्रवारची पट्टी आठवडाभर तशीच राहू दिली होती. माणूस एका डावात किती सुधारणार.

गच्चीचे आम्ही दोन भाग केले. मध्ये जुनी दोरी. एका बाजूला माझे पापड, वाशीच्या मार्केटमधून आणलेल्या उडदाचे, जुन्या साड्यांवर ओळीने. दुसऱ्या बाजूला तिचा जवळा, चादरीवर, गुलाबी, नखाएवढा. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून वर गेले. दुसऱ्या दिवशी पदर लावायला विसरले. कावळे मात्र तिच्याकडेच यायचे, म्हणून ती मला सांगून खाली जायची की वयनी, जरा बघा हां. आणि मी, अंडंही घरात न आणणारी बाई, हातात मोडकं लाटणं घेऊन मासळीची राखण करत बसायची. त्या आठवड्यात केव्हातरी माझं अहोजाहो सुटलं. सुटलं ते मला नव्हे, तिलाच आधी कळलं. ती म्हणाली, आता बरं वाटलं कानाला.

वाऱ्याला दोरी माहीत नव्हती, हा एक भाग राहिला. मेच्या शेवटी मी नेहमीसारखे साताऱ्याला जाऊबाईंना पापड पाठवले. जाऊबाई माझ्याहून सोवळ्या. जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. यंदाचे पापड काही वेगळेच झाले आहेत, घरात सगळ्यांनी वाखाणले, तुझ्या भावोजींनी तर चार चार खाल्ले, यात नवीन काय घातलंस ते कळव.

ते पत्र मी समोरच्या घरात जाऊन वाचून दाखवलं. बटण उजवीकडे आहे हे एव्हाना हाताला पाठ झालं होतं. समोरची हसून हसून पाटावरून घसरली. मग डोळे पुसत म्हणाली, खोटं नका लिहू, वयनी, मोठ्या जाऊ हायेत तुमच्या. मी खोटं लिहिलं नाही. कळवलं की काही घातलं नाही, इथल्या हवेचा गुण आहे.

पुढच्या मार्चमध्ये जाऊबाईंनी दुप्पट पापडांची मागणी केली, आणि बजावलं की चव मागच्यासारखीच हवी. मी खिळ्यावरून लाटणं काढलं, समोरचं दार वाजवलं आणि म्हटलं, "अगं ए, यंदा दोरी काढून टाकूया. तुझा जवळा माझ्या पापडांना अगदी लागून वाळत घाल."